गोरखमुंडीवाली अक्का

गोरखमुंडीवाल्या अक्काच्या बोटाला मिसरीचा वास यायचा, आणि तेच बोट ती आमच्या तोंडात घालायची. शी!

देवपुरात ती आमची शेजारीण. चैत्र लागला की गहू निघालेल्या रानातून गोरखमुंडीची जांभळी, बोरासारखी गोल फुलं ओच्यात भरून आणायची. गल्लीतली सगळी पोरं ओट्यावर बसवायची आणि एकेकाला फूल गिळायला लावायची. एक फूल पोटात गेलं की वर्षभर डोळ्यांना काही होत नाही, हा तिचा हिशेब. चावायचं मात्र नाही. "दात लागना ते गुन गया," म्हणायची आणि कुणी गालात फूल लपवलंय का ते बोट फिरवून बघायची. त्या फुलाचा वास एवढा उग्र, की ते घशाखाली उतरेना. आमच्या आया मात्र कौतुकाने बघत उभ्या.

मला चौथीत चष्मा लागला. अक्काने फुलाला काडीचा दोष दिला नाही. माझाच दात लागला असणार, असं गल्लीभर सांगत सुटली. असा संताप यायचा! पण मला ताप आला की रात्ररात्र उशाशी बसणारीही हीच बाई. तिचा राग धरायचीही सोय नव्हती.

पुढे तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. तरी ती फुलं गिळत घरात बसून राहिली. एक डोळा कायमचा गेला. दुसऱ्याला आता उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचा मुलगा विनवून थकला. मी माहेरी आले होते. एवढी फुलं गिळून काय मिळालं, म्हणून मी तिच्यावर तडकले. आपलाही कधीतरी दात लागला असेल, म्हणाली. ऑपरेशनला चल म्हटलं, तर चाचपडत एक फूल काढून माझ्यापुढे धरलं.

"पहिले तू गिय, मंग मी येस."

चाळिशी उलटलेली, दोन लेकरांची आई मी. नाक दाबलं, गिळलं, उलटी कशीबशी आवरली. अक्काने माझ्या तोंडात बोट फिरवून खात्री केली, चपला घातल्या आणि गुमान रिक्षात बसली.

पट्टी निघाली तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "हाई पोरनी फूल गियं म्हनीसन माले दिसनं." मला चीड आली, आणि तिथेच रडूही कोसळलं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. या चैत्रात माहेरी गेले, तर रानाकडून तो घाणेरडा वास आला. मळमळलं, आणि तरी तोंड आपोआप उघडलं.