तळ्याकाठचं दगडफूल

आमच्या हर्मेलिंदाबाई रागावल्या की ओरडत नाहीत, लोकर विंचरायला बसतात. दोन वर्षं विंचरत होत्या. माझ्यासारखा असता तर त्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी तळ्यात बुडवला असता.

डॉक्टर आरिस्तिदेस, शहरातल्या विद्यापीठातला दगडफुलांचा मोठा जाणकार म्हणे! बाईंची हयात लोकर रंगवायला दगडफुलं खरवडण्यात गेलेली. अकरा वर्षं त्यांनी त्याला डोंगर दाखवला. खेचरं माझी, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

दोन वर्षांपूर्वी एके दिवशी डोंगरातल्या तळ्यापाशी डॉक्टरला उंची बाधली. तो तळ्याकाठी बसून गुळाचं गरम पाणी पीत राहिला. बाई एकट्या तीन तास कडा चढल्या आणि कुठल्याच पुस्तकात नसलेलं, पिवळ्या काठाचं दगडफूल सुरीने काढून घेऊन आल्या. कागदाच्या पुडीवर ठिकाण, उंची आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. या गृहस्थाने बसल्या जागी लिहिलं: तळ्याचा काठ, तळ्याचीच उंची आणि स्वतःचं नाव. बाईंनी आपल्या नावाचं विचारलं, तर म्हणाला, "तुला कोण ओळखतंय विद्यापीठात?"

नवी जात म्हणून छापून आलं, हारतुरे झाले. मग पुडीला कीड लागून आतल्या दगडफुलाचा भुगा झाला. दुसरे अभ्यासक आले, त्यांनी तळ्याचा काठ पिंजून काढला. काहीच नाही. शोध बनावट आहे अशी कुजबुज सुरू झाली, तसा डॉक्टर धापा टाकत बाईंच्या दारात.

"हर्मेलिंदा, जागा तेवढी दाखव. या वेळी पुडीवर तुझं नाव घालतो, शपथ!"

बाईंनी हातातली फणी खाली ठेवली. कपाटातून एक पुडी काढून त्याच्यापुढे धरली. आदल्या आठवड्यात त्या अभ्यासकांपैकी नोएमी नावाच्या एकीला घेऊन आम्ही कड्यावर गेलो होतो. पुडीवर कड्याचं ठिकाण, खरी उंची आणि गोळा करणारी: हर्मेलिंदा तिबादुइसा. अक्षर हर्मेलिंदाबाईंचंच. जोडीची पुडी कधीच विद्यापीठात पोचली होती.

डॉक्टरचा चेहरा उतरला. कड्यावर नेमकं कुठे, ते विचारायला त्याने तोंड उघडलं.

"तळ्याकाठी," बाई म्हणाल्या. "तुम्हीच तर लिहिलंय. जा, शोधा."

त्याने माझ्याकडे खेचर मागितलं. मी दिलं नाही.