कोथिंबिरीखाली

शनिवारी कार्डिफच्या खाटिकाकडे ती बाई दिसली की मी स्कार्फ पुढे ओढायची. तीही माझ्याकडे संशयानेच बघायची. मराठी मंडळातली निघाली तर? नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा मी या दुकानावरून नाक दाबून पलीकडच्या फुटपाथने जायची, केवढी सोवळी होते. आता केंब्रिजहून येणाऱ्या नातवाला स्टेक हवा, म्हणून आजी रांगेत. मागचा स्टेक त्याने बिचाऱ्याने मुकाट्याने चावला होता.

मी सरलॉइन मागितलं. ती आपलं बीफ पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली सारत होती. असं लपवणारी आपल्यातलीच, मी ओळखलं.

"अहो, रिबआय घ्या," ती मराठीत पुटपुटली. "त्यातली चरबी वितळते, चुकलं तरी मऊ राहतं. सरलॉइनला चरबी कमी, तव्यावर जरा जास्त राहिलं की चिवट. आणि आपण भेटलो नाही हं."

पुढे मंडळाच्या जेवणात तीच श्रीखंड वाढत आली. "आपली ओळख नाही झाली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. मग वाकून हळूच, "जमलं का?"

"नातवाने परत मागून घेतलं."

"काय, श्रीखंड?" शेजारच्या काकूंनी कान टवकारले.

"हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.