तांबोळी सर आणि घारे डोळे

तांबोळी सर पहिल्याच दिवशी वर्गात आले, हजेरीपट टेबलावर ठेवला आणि आम्हाला जीभ काढून दाखवली. नुसती काढली नाही, दोन्ही कडा वर वळवून तिची पन्हळ केली. पुणतांब्याच्या आमच्या हायस्कुलात असला प्रकार पूर्वी कधी घडला नव्हता. आम्ही गार. जीभ आत घेऊन सर म्हणाले, "आता तुम्ही. जमेल त्यानं खिडकीकडे जायचं, न जमेल त्यानं भिंतीकडे. रडायचं नाही, याला मार्क नाहीत."

गोंधळ ऐकून हेडमास्तर आले, तेव्हा अख्खी नववी एकमेकांच्या तोंडात डोकावत होती. सर अदबीनं म्हणाले, "साहेब, एकदा आपणही..." हेडमास्तरांनी व्हरांड्यात कुणी नाही हे पाहून घेतलं, जीभ काढली आणि बरीच खटपट केली.

"भिंतीकडे," सर म्हणाले.

हेडमास्तर जीभ आत घेऊन निघून गेले. पुढे शिपाईमामांनी बातमी आणली, की साहेब ऑफिसचं दार लोटून आरशापुढे उभे असतात.

ही सत्तर सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. सर नगरजवळच्या सावेडीचे. तेव्हा तिथं घरांपेक्षा शेतंच जास्त होती. सर इतके उंच, की सायकलवर बसले म्हणजे गुडघे हँडलला लागायचे. आनुवंशिकतेचा धडा जीवशास्त्राच्या पुस्तकात अगदी शेवटी होता आणि बाकीचे शिक्षक तो "घरी वाचा" म्हणून सोडून देत. सरांनी वर्षाची सुरुवातच त्यानं केली. "हा धडा पुस्तकात नाही, तुमच्या नाकावर आहे," असं म्हणायचे. आईचं एक आणि बापाचं एक, अशी प्रत्येक गुणाची दोन बीजं आपल्यात असतात, एक जोरकस असलं की दुसरं गप्प बसतं, हे सांगताना ते खडू नाचवत आणि ओरडत, "दडलंय! गेलेलं नाही!" मधल्या सुट्टीत मुलं पळतापळता तेच ओरडत.

आमच्या शेजारी गयाबाई राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिची सून शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात गयाबाई दोघींना आणायला गेली आणि एकटीच परत आली. पोरीचे डोळे घारे होते.

"आमच्यात समदे काळ्या डोळ्यांचे. ही घारी कुठनं आली?" एवढंच ती म्हणाली, आणि पुढचं गावानं आपापल्या मनानं जोडून घेतलं. तिचा मुलगा रंगनाथ आधीच अबोल, तो आता खाली मान घालून जेवायचा आणि शेतावर जायचा. शेवंतानं मला वेणी घालायला शिकवलं होतं. मला ते सहन होईना. मी वर्गात हात वर केला. "सर, काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारं मूल होतं का?"

"होतं की! का गं?"

मी सगळं सांगितलं. सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "डोळ्यांचा हिशोब पुस्तकात दिलाय त्यापेक्षा किचकट असतो, पण आपलं काम भागेल. आजचा गृहपाठ. गावात घारं कोण आहे आणि कोण होतं, शोधा. जिवंत असो की मेलेलं."

असा गृहपाठ आम्ही जन्मात इतक्या आनंदानं केला नव्हता. आठवडी बाजारात पोरं गिऱ्हाइकांच्या तोंडाशी तोंड नेऊन डोळे बघू लागली. न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या एकाला तिघांनी मिळून जागं केलं. एकानं नव्या नवरीचे डोळे बघितले आणि तिच्या दिराचा मार खाल्ला. मी मारुतीच्या पारावर पिराजीबुवांना गाठलं. गावात त्यांच्याइतकं म्हातारं कुणी नव्हतं.

"घारा? आगं, तुमच्या शेजारच्या गयाबाईचा सासरा! लख्ख घारा हुता. ती लगीन हून यायच्या आदीच वारला. म्हनून तर त्यांच्या रानाला घाऱ्याचा मळा म्हनत्यात."

मी धावत सुटले. संध्याकाळी सर गयाबाईच्या ओट्यावर हजर, आणि त्यांच्यामागे सगळी नववी.

"काय तरीच मास्तर! तितं लिंबावर घारी बसत्यात, म्हनून त्ये नाव," गयाबाई म्हणाली.

"मावशी, घारी बसल्या असत्या तर घारींचा मळा म्हटलं असतं. घाऱ्याचा कसा?"

गयाबाई वळून मळ्याच्या दिशेनं बघायला लागली. उभा जन्म त्या मळ्यात खुरपत गेला होता तिचा.

सरांनी खिशातून काळे उडीद आणि पांढरी चवळी काढली, दोन वाट्यांत मिसळली. एक वाटी बापाची, एक आईची. "डोळे मिटा, दोन्हींतून एकेक दाणा काढा. एक जरी उडीद आला तरी डोळे काळे. दोन्ही चवळ्या आल्या तर घारे." गयाबाईनं काढले, काळे. पुन्हा काळे. बायका जमल्या, मुलं ओट्यावर चढली, लॉटरीच्या सोडतीसारखा आरडाओरडा सुरू झाला. मग तिच्या दोन्ही मुठींतून चवळी निघाली आणि गयाबाईच किंचाळली, "घारी! घारी आली!"

पण लगेच तिनं डोळे बारीक केले. "ही वाटी आमची. तिच्या वाटीत चवळी कुणी टाकली?"

तेवढ्यात दारातून रंगनाथ बोलला. "शेवंताचा सख्खा मामा घारा हाय. मिल्ट्रीत असतो. लग्नाला रजा न्हाई भेटली त्याला."

"आन् हे आत्ता सांगतुया व्हय रे?"

"तू इचारलंच न्हाई," रंगनाथ म्हणाला, आणि तो एवढा मोठा गडी सगळ्यांसमोर रडायला लागला. गयाबाई उठली, हातातले दाणे तसेच पदरात टाकले आणि त्याला म्हणाली, "गाडी जुंप."

दुसऱ्या दिवशी ती परतली ती नातीला कडेवर घेऊनच. गावाच्या तोंडाशी उतरली आणि पायी घरापर्यंत आली. भेटेल त्याला थांबवून सांगत होती, "आमच्या मामंजींचे डोळे हायत, नीट बगा!" मागून शेवंता येत होती. सासूकडं बघून तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसायचे होते.

दोन वर्षांनी सरांची जामखेडला बदली झाली. निरोपाला स्टेशनवर निम्मं गाव आलं. गाडी लागली आणि गर्दीतून वाट काढत गयाबाई डब्याच्या दाराशी पोचली.

"मास्तर, सुनंला दिवस गेल्यात. आवंदा डोळे कसले येत्याल?"

"चारांत एक संधी घाऱ्यांची, मावशी. तीन काळ्यांच्या."

"येकच? मला घारंच पायजे. जरा वाढवून न्हाई का देता येत?"

सर पोट धरून हसले. गाडी हलली. ते दारातून अर्धे बाहेर लोंबकळत समजावू लागले, "मागच्या खेपेचा या खेपेशी काही संबंध नाही! दर खेपेला सगळं नव्यानं!" गयाबाई पदर सावरत गाडीबरोबर चालायला लागली, आम्ही तिच्यामागे धावायला लागलो. इंजिनाच्या आवाजात सरांचं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

"काळे आले तरी लाड करा हो मावशी!"