हाताला गुण

माझ्या हाताला गुण आहे, असं रत्नागिरीत बरेच जण म्हणायचे. मी नर्स होते. असं कुणी म्हटलं की सुखावायचे, वर 'छे हो, माझं काय!' असंही म्हणायचे. त्या गुणाची सुरुवात कुठून झाली, ते मात्र मी घरात कधी बोलले नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुमच्याशी पहिल्यांदाच बोलतेय.

सुमनपासून सुरुवात करते. ऐंशीनंतरची गोष्ट. मंडणगडकडच्या खेड्यातली सात-आठ वर्षांची पोर. लघवीच्या पिशवीत खडा झालेला. गावात कुळथाचं पाणी पाजून झालं, खडा काही विरघळला नाही. शेवटी पोट चिरून काढायचं ठरलं. बाप मुंबईला, म्हणून आई एकटीच तिला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. सुमनची खाट माझ्या टेबलाला लागूनच होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माझं काम टक लावून बघत होती. मला बोलायची हौस भारी! एका रुग्णाचं इंजेक्शन तयार करताना तिला दाखवलं — या बाटलीत औषधाची भुकटी, आणि ही लांब काचेची नळी फोडतात ना, तिच्यात नुसतं पाणी. 'नुसत्या पाण्याने काही कुणाचं दुखणं जात नाही हो,' असंही वर सांगितलं. मग आमचा खेळच झाला. मी नळी उचलली की ती हसून ओरडायची, "पानी!"

हे मीच तिला शिकवलं होतं. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. दुपारी भूल उतरली आणि पोर कळवळायला लागली. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. जाताना त्यांनी तिच्या वजनाप्रमाणे दुखण्याच्या इंजेक्शनचा डोस सांगितला होता — दे, आणि तिच्या श्वासाकडे लक्ष ठेव. सरळ काम होतं. मग मी का दिलं नाही?

आम्हाला शिकवलं होतं की लहान मुलांचं शरीर कच्चं, असलं औषध त्यांना पचत नाही, अंगात साचतं आणि श्वास मंदावतो. पुढे कितीतरी वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की ही भीती तान्ह्या बाळांच्या बाबतीत रास्त. सुमनच्या वयाच्या मुलाचं शरीर ते औषध भराभर संपवतं, वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षाही लवकर. म्हणून त्याचा असर कधी उतरतो ते बघत राहायचं, आणि दुखलं तर पुन्हा द्यायचं. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिकवणाऱ्यांनी आम्हाला फसवलं होतं! तो राग आजही आहे.

पण त्या रागाच्या आड मी लपणार नाही. डोस सांगितलेला होता. शंका होती तर फोन टेबलावरच होता. पण फोन केला असता तर मी घाबरलेय हे डॉक्टरांना कळलं असतं. इंजेक्शन दिलं असतं तर तिच्या उशाशी बसून श्वास बघत राहावं लागलं असतं — आणि काही झालं असतं तर माझ्यावर आलं असतं.

मी खरं औषध बेसिनमध्ये ओतून टाकलं. मग ती लांब नळी फोडली, पाणी सिरिंजमध्ये ओढलं आणि पोरीला टोचलं. आईला म्हणाले, "चांगलं जोराचं दिलंय, आता शांत झोपेल." डॉक्टर आल्यावर त्यांनाही म्हणाले, "दिलं, सर."

सुमनने ट्रेमधल्या फुटक्या नळीकडे बघितलं, शेजारी औषधाची बाटली नव्हती. मग माझ्याकडे. आणि तिचं रडणं थांबलं — एकदम. भिंतीकडे तोंड करून तिने चादरीचा कोपरा दातांत धरला.

आईला वाटलं, गुण आला. "शिस्टर, तुमच्या हाताला गुन हाय! पोर कशी गपगार झाली बगा." तिने वॉर्डभर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याच हातची सुई मागायला लागले. आणि मला ते आवडलं! पोर का गप्प झाली ते मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी आवडलं.

पुढे रोज मी विचारायचे, "दुखतंय का गं?" ती म्हणायची, "नाय." डॉक्टरांनी विचारलं तरी "नाय." टाके काढतानाही "नाय." कुणाकडे काही मागायचंच तिने सोडून दिलं होतं.

घरी जायच्या दिवशी आईने माझ्या हातात कुळथाची पुरचुंडी ठेवली आणि पोरीला म्हणाली, "पाया पड शिस्टरच्या." सुमन वाकली. वाकल्या वाकल्याच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "ता पानीच होता ना?"

तेव्हा तरी हो म्हणता आलं असतं. तेवढंच तर ती विचारत होती.

"नाही गं बाय, औषध होतं," मी म्हणाले. डोक्यावरून हातसुद्धा फिरवला.

तिने मान डोलावली, आईचं बोट धरलं आणि गेली. मी कुळीथ घरी नेले, दळले, पिठी केली. चांगली झाली होती. दोनदा वाढून घेतली.