खरं हवं की चांगलं

मिशीमामाला स्वतःला मिशी कधीच नव्हती. ओठ कसा तुळतुळीत. पण आमच्या नाटक कंपनीतल्या प्रत्येक राजाची, दरोडेखोराची आणि खाष्ट सासऱ्याची मिशी त्याच्याच हातून चिकटायची, म्हणून हे नाव. मी त्या कंपनीत राण्या करायचे. पडदा वर जायच्या आधी माझी हनुवटी त्याच्या दोन बोटांत असायची आणि त्याचं तोंड चालू असायचं. भुवई कोरता कोरता तो अशी एखादी गोष्ट सांगायचा की हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि वर तोच ओरडायचा, “राणीसरकार, काजळ वाहतंय! पुन्हा काढायला मी काय फुकटात मिळालोय?”

गोष्ट खरी आहे का, असं त्याला कुणी विचारत नसे. आरशासमोर बसलेल्या नटाला धीर हवा असतो, पुरावा नको असतो.

पुढे कंपनी बंद पडली. मी नातवंडांत रमले आणि मामानं आपल्या दोन खोल्यांत केसांचे टोप बनवायला घेतले. आजारपणात केस गेलेल्या बायका त्याच्याकडे येत. लाकडी डोक्यावर जाळी ताणून, बारीक आकड्यानं एकेक केस गाठ मारून अडकवत तो दिवसभर बसलेला असे. हात गुंतलेले, तोंड मोकळं. असल्या माणसाच्या वरच्या मजल्यावर एक लेखिका राहायला यावी, हा योगच म्हणायचा.

लेखिकाबाईंचं कसलंच एक धड नव्हतं, आणि हे मी कौतुकानं म्हणते. एक कादंबरी दीपगृहाच्या राखणदारावर, तर पुढचं पुस्तक निद्रानाशावर, चार डॉक्टरांना गाठून लिहिलेलं. एकात लिफ्टमन आपली प्रेमकथा मजल्यामजल्यानं सांगतो, तर दुसऱ्यात बाई स्वतः सायकल दामटत वाळवंट ओलांडतात. मग एका पूल बांधणाऱ्या इंजिनियरचं चरित्र, मुलांसाठी गोगलगायीचं पुस्तक, आणि लगेच एक खून. पुस्तकांच्या दुकानदाराला समजत नसे, या बाईंना ठेवायचं तरी कुठल्या फळीवर. मामाकडे मात्र सगळी पुस्तकं एकाच फळीवर होती, लाकडी डोक्यांच्या शेजारी. प्रत्येकावर बाईंची सही. कारण त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत मामाचं काही ना काही होतं. लिफ्टमनचं प्रेम मुळात आमच्या पडदेवाल्याचं. खून झालेल्या सावकाराचं चालणं आमच्या व्यवस्थापकाचं, आणि ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

बाई जिना उतरून आल्या की मामा जाळीवरची नजर न काढता विचारायचा, “बाई, आज खरं हवं की चांगलं?”

कादंबरी चालू असली तर बाई म्हणायच्या, “चांगलं.” मग मामा सुटायचा. दुसरं काही चालू असलं तर म्हणायच्या, “आज खरंच सांगा हो, मामा.” मग तो जरा हिरमुसून, आठवत आठवत, बेताचं बोलायचा. एवढा साधा व्यवहार. कधी चुकला नव्हता.

एके सकाळी मामाचा मला फोन आला. “ताई, जरा येऊन जा.” पुढे कोटी नाही, टोमणा नाही, म्हणून मी रिक्षाच केली.

तो बसला होता, पण हातात आकडा नव्हता. मांडीवर बाईंचं नवं पुस्तक होतं. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

“मामांना पुस्तक द्यायला आले,” त्या मला म्हणाल्या, “आणि ते मधली पानं बघून विचारतात, कादंबरीत फोटो कशाला?”

मधल्या पानांवर आम्ही सगळे होतो. मी मुकुटात, मामा पावडरच्या डब्यासह, आमचे राजे कमरेवर हात ठेवून. ते आमचे मुख्य नट. भूमिका कुठलीही असो, सगळे त्यांना राजेच म्हणत. आणि खोक्यातून डोकं काढलेला आमचा प्रॉम्प्टर, कुजबुजे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला प्रॉम्प्टरचं खोकं असायचं. त्यात बसून हा इतकं हलकं वाक्य पुरवायचा की नटाला वाटावं, आपल्यालाच आठवलं. फोटोखाली त्याचं खरं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पुस्तक आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांच्या इतिहासावर होतं. आणि त्यातलं सगळ्यांत मजेदार पान होतं शेवटच्या अंकात झोपलेल्या प्रॉम्प्टरचं. वाक्य आठवेना म्हणून राजे खोक्याकडे बघतात, खोक्यातून घोरण्याचा आवाज येतो, प्रेक्षक शिट्ट्या मारतात, पडदा पडतो.

“मामा,” मी म्हटलं, “कुजबुजे कधी झोपला होता?”

“कधीच नाही,” मामा म्हणाला.

ओळीनं दोन कादंबऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्यांदा बाई खाली आल्या तेव्हा एका पोरीचा टोप तातडीनं द्यायचा होता, आणि मामानं विचारलंच नाही. त्यानं आपलं चांगलं तेच सांगितलं.

“मी तरी कुठे सांगितलं?” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं तुम्ही विचारायचात, त्याची मला सवय झाली. आणखी दोघांना विचारून घ्यायला हवं होतं मी. पुढच्या छपाईत ते पान बदलते. पण ज्या प्रती गेल्या त्या गेल्या, मामा. आणि रविवारी प्रकाशन आहे. तुम्हा सगळ्यांना बोलावलंय. कुजबुजेंच्या मुलीला मीच पुस्तक पाठवलं, गेल्याच आठवड्यात.”

मामानं पुस्तक मिटलं. “ताई, चप्पल काढू नकोस. निघू.”

राजे खरोखर अडले त्या रात्री मी राणी होते, त्यांच्या समोर दोन हातांवर. त्यांची मिशी एका बाजूनं सुटली. अंक असा गंभीर की बाप पोटच्या मुलाला शिक्षा सुनावतोय, आणि मिशी लोंबकळतेय. राजांनी ती तळव्यानं दाबून धरली आणि तसेच उभे राहिले. कुजबुजे वाक्य देत होता, मलाही ऐकू येत होतं. राजांच्या तोंडून शब्द फुटला नाही. प्रेक्षक हसायला लागले. दुसऱ्या दिवशी राजांनी कंपनी सोडली. नंतर ते कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत.

रिक्षात मामानं मला माहीत नव्हतं ते सांगितलं. “गोंदाची बाटली तळाला गेली होती. नवी आणायचा कंटाळा केला आणि त्यात स्पिरिट ओतून पातळ केली. घामाचं कारण सगळ्यांनी मानलं, मी मानू दिलं. मग बाईंना सांगताना मिशी आली की माझी बाटली येणार. म्हणून मिशीच काढून टाकली. कुणाला तरी झोपवायला हवं होतं, ताई. तो खोक्यात हाताशी होता.”

कुजबुजेच्या मुलीनं दार उघडलं. बँकेत जायला निघालेली दिसत होती. तिनं मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“या मामा. बाबा जागे आहेत. खात्री करून घ्या.”

मामानं चपला काढल्या आणि आत गेला.

कुजबुजे खिडकीशी खुर्चीत होता. नजर अधू झालेली, अंग आटलेलं, आवाज मात्र तसाच, कानाशी येऊन बोलल्यासारखा. आम्हाला ओळखून खुलला. “राणीसरकार! आणि हा थापाड्या! बसा बसा. पोरीनं वाचून दाखवलं मला. छान लिहिलंय.”

“कुजबुज्या, ते खोटं आहे,” मामा उभ्या उभ्याच म्हणाला. “तू झोपला नव्हतास.”

कुजबुजे हसला. “राहू दे रे. मला आधी रागच आला. मग चार दिवस आठवत बसलो. हल्ली मला बसल्या जागी डोळा लागतो, जेवताना घास हातात राहतो. तेव्हाही लागला असेल. आणि बाईंचं हे खऱ्याचं पुस्तक आहे, पोरगी म्हणाली. छापलंय म्हणजे कुणीतरी शहानिशा केली असणार. राजेवहिनींना फोन करून माफी मागितली मी. राजे गेले, आता त्यांच्याशिवाय मागायची कुणाकडे?”

मामा मटकन खाली बसला. चांगली गोष्ट सांगून त्यानं एका म्हाताऱ्याच्या आयुष्यातली जागी रात्र काढून घेतली होती, आणि त्या म्हाताऱ्यानं ती मुकाट देऊन टाकली होती.

“अरे, शहानिशा कसली? मीच सांगितलं ते. चूक माझी होती. गोंद मी—”

“तू भला माणूस आहेस,” कुजबुजे म्हणाला. “मला वाईट वाटू नये म्हणून आता ही नवी थाप. पण गोंदाची तितकी रंगली नाही रे.”

“तुम्हीच सांगा ना त्याला!” मामा माझ्याकडे वळला. मला तो ‘तुम्ही’ कधी म्हणत नसे.

मी सांगितलं. कुजबुजेनं मान हलवली. “तुम्ही नटमंडळी सगळी एक. एकमेकांना सांभाळून घेणारच.”

आता काय करावं? मी पदर सावरला आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. गुडघे दुखतात, पण राणी बसून बोलत नाही. मामाला म्हटलं, “ऊठ. राजांच्या जागी उभा राहा. तळवा ओठावर धर.” त्याला समजलं. तो उभा राहिला, आपल्या त्या तुळतुळीत ओठावर तळवा दाबून.

“महाराज,” मी म्हटलं, आणि आवाज आला बरं का अजून, “मुलगा तुमचा आहे. शिक्षा काय ती बोला.”

मामा गप्प. मुलगी दारात पर्स घेऊन थांबलेली.

आणि खुर्चीतून, ओठ न हलवता, ती कुजबुज आली. “मुलगा माझा आहे, म्हणूनच माफी नाही.”

मामा गप्पच. मी पुन्हा म्हटलं, “बोला, महाराज.”

“मुलगा माझा आहे... माझा आहे, म्हणूनच... राजे, मिशी सोडा. पडली तर पडू द्या. हात काढा आणि बोला—”

कुजबुजे थांबला. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, जणू त्यांत अजून वही असावी.

“हे नाटकात नाही,” तो म्हणाला. “मिशी सोडा, हे नाटकात नव्हतं. हे मी म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस,” मामा म्हणाला.

“म्हणजे मी जागा होतो.”

“टक्क.”

मुलगी आत येऊन त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली. मला वाटलं, म्हातारा रडेल. तो खवळला! “मग मी माफी कशाला मागितली? अरे गाढवा, मी त्या बाईच्या पाया पडायचा बाकी राहिलो! लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर.”

मामानं फोन लावला. मुलीनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मामानं गोंद, स्पिरिट, बाटली, कंटाळा, सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्याला मी एखादी गोष्ट इतकी वाईट सांगताना ऐकलं.

“अहो,” राजेवहिनी म्हणाल्या, “परवा त्यांनी माफी मागितली, आज तुम्ही. आपापसांत ठरवा आणि एकच माणूस पाठवा.” मग म्हणाल्या, “गोंदच होता का? हे शेवटपर्यंत म्हणत होते, मीच गांगरलो. मिशी चांगली घट्ट होती, माझ्याच घाबऱ्या हातानं सुटली.”

मामानं फोन मुलीच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. त्याच्या खांद्यावर मी हात ठेवला. तो त्यानं राहू दिला.

रविवारी सभागृह भरलं होतं. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की या पुस्तकातलं एक पान खोटं आहे आणि त्याला त्याही जबाबदार आहेत. मग मामाला पुढे बोलावलं. लोक हसायच्या तयारीनं सरसावून बसले. पहिल्या रांगेत कुजबुजे, त्याची मुलगी, राजेवहिनी आणि मी.

मामानं माईक धरला. “त्या रात्री कुणीही झोपलं नव्हतं,” तो म्हणाला. “राजे गांगरले नव्हते. चूक...”

आणि तो अडकला. ओठ हलत होते, शब्द नव्हता. आपसूक त्याचा तळवा तोंडाकडे गेला. मागे कुणीतरी हसलंसुद्धा. मुलगी आपल्या बाबांकडे बघायला लागली. राजेवहिनींची नजर पायांशी.

माझ्या शेजारून ती कुजबुज निघाली. इतकी हलकी की तिसऱ्या रांगेला ऐकू गेली नसेल.

“हात काढ. चूक माझी होती. म्हण, चूक माझी होती.”

मामानं हात काढला आणि वाक्य उचललं.