पावणेचारचा इशारा

टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत त्यांना सगळे घड्याळवाल्या काकू म्हणत. तरुणपणीच नवरा गेल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान विकायचं सोडून त्यांनी त्याचं भिंग डोळ्याला लावलं आणि वर्षभरात हात बसवला. स्वभावाने भारी चौकस. घड्याळ सुरू झालं तरी ते बंद का पडलं होतं, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

दरडीची आधी सूचना मिळावी म्हणून सरकारी खात्याने उतारावर लोखंडी खांब रोवला. जमीन सरकून खांब कलला की त्यातलं यंत्र सगळ्यांच्या फोनवर इशारा पाठवणार. पहिल्या इशाऱ्याला माणसं अनवाणी पळाली. आठव्याला कुणी जागचं हललं नाही. पुढे निम्म्या लोकांनी इशाऱ्याचा आवाजच बंद करून टाकला.

"यंत्राला वेड लागलंय," सून म्हणाली.

"वेड लागलेलं यंत्र वेळ पाळत नाही गं. हे पावणेचारच्या ठोक्यालाच कसं बोंबलतं?"

काकू कॅलेंडरवर खुणा करू लागल्या. आभाळ भरलेलं असलं की फोन गप्प! मग एका दुपारी दुखरे गुडघे सांभाळत त्या खांबापाशी जाऊन बसल्या. साडेतीनपर्यंत खांबावर पाण्याच्या टाकीची सावली होती. ती सरली, एका बाजूने ऊन पडलं. काकूंनी हात लावून पाहिला. एक बाजू चांगलीच तापलेली, दुसरी गार. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

तपासणीला आलेली इंजिनीअर मुलगी ऐकेना. "काकू, यंत्र तीनदा तपासलंय. ठणठणीत आहे."

"आहेच. पण खांब वाकतोय. उन्हाने धातू पसरतो, बाई. घड्याळांत माझी निम्मी हयात त्याच्याशी भांडण्यात गेली. ओलं पोतं गुंडाळ आणि बघ."

पोतं गुंडाळलं. चार वाजले, साडेचार वाजले, फोन गप्प. मुलीने लगेच खात्याला कळवलं. आठवड्याभरात खांबाला पांढरं आवरण बसलं. लोक मात्र आवाज सुरू करायला तयार होईनात. मग दुकानात येईल त्याचा फोन काकू मागून घेत आणि आवाज सुरू करूनच परत देत.

पाच महिन्यांनी, पावसाच्या सलग चौथ्या दिवशी, सकाळी साडेनऊला सगळे फोन एकदम वाजले.

"झालं परत सुरू!" शेजारचा सुतार वैतागला.

"ऊन कुठंय?" काकू म्हणाल्या. "ऊठ, आईला घे आणि चल."

दोघांनी दारं ठोठावली. साडेदहापर्यंत उतारावरची सगळी माणसं खालच्या शाळेत पोचली. अकराच्या सुमाराला उतार खाली आला. सहा घरं आणि काकूंचं दुकान मातीखाली गेलं. माणूस मात्र एकही दगावला नाही.

दुकानासाठी काकू दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी ती इंजिनीअर मुलगी चिखलातून काढलेलं यंत्र घेऊन शाळेत आली.

"उघड ना, आत काय आहे बघू."

आत नखाएवढा काळा तुकडा होता.

"एवढासाच? मग याला कलणं कळतं तरी कसं?"

मुलगी वर्गातल्या बाकावर त्यांच्याशेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.