पिवळ्या भिंतीतलं सोनं

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवल्या, पण स्वतःचा फंड कुठे बसवावा हे काही त्यांना कळेना. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं रक्कम खात्यात जमा केली आणि बँकेतल्या पोरीनं छापील कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो उलटा केला, सुलटा केला, बोटानं दाबूनही पाहिला.

"यात पैसे कुठेत?"

"खात्यात आहेत ना, काका."

"ते खातं दाखव मग!"

झालं! आठवड्याभरात सगळा फंड सोन्याच्या बिस्किटांत गेला. सोनं हातात घेता येतं, हाताला वजन जाणवतं, खोटं बोलत नाही. बाईसाहेबांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा बिस्किटं घरात आलेली होती. ती पोळ्या लाटत होती. "बरं," एवढंच म्हणाली. बायकोचं 'बरं' म्हणजे बरं नव्हे, हे इतक्या वर्षांत कळायला हवं होतं माणसाला. पण डोक्यात सोनं चढलेलं!

लॉकरवर त्यांचा विश्वास नव्हता. कपाटात ठेवावं, तर घरी येणाऱ्या मेहुण्याच्या तोंडाला कुलूपच नव्हतं. म्हणून एका दुपारी बायको बाजारात गेलेली पाहून मिस्त्रींनी न्हाणीघरातल्या एका टाइलमागे छिन्नीनं खोबण केली, बिस्किटं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवली, सिमेंट ठासून भरलं, वर टाइल बसवली आणि फटी पुसून घेतल्या. खूण मुद्दामच केली नाही. खूण ठेवणं हे कच्च्या माणसाचं काम, कारागिराचा हात विसरत नाही! संध्याकाळी त्यांनी बायकोला भिंत दाखवली. "ओळख बघू कुठंय!" तिला ओळखता येईना तेव्हा गडी इतका खूश, की त्या दिवशी दोनदा आंघोळ केली.

पुढे तिचा गुडघा गेला. आधी जिना बंद झाला, मग देवळात जाणं, मग शेजारीण. डॉक्टर म्हणाले, वाटी बदलायची, आगाऊ रक्कम भरा, तारीख घ्या. तारीख मिळालीही. मिस्त्री ऐटीत छिन्नी-हातोडी घेऊन न्हाणीघरात शिरले आणि भिंतीपुढे तसेच उभे राहिले.

सगळी भिंत एकसारखी पिवळी.

त्यांनी टाइल वाजवली. दुसरी वाजवली. आत पोकळ असेल तर आवाज येतो. पण पोकळ काम मिस्त्रींनी जन्मात केलं नव्हतं! सगळ्या भरीव, सगळ्या मुक्या. कपाळाला घाम फुटला. एक टाइल फोडली, मागे भिंत. दुसरी फोडायला हातोडी उचलली, पण हात खाली येईना. स्वतःच्या हातचं काम!

"अहो, उद्या पैसे भरायचेत," बायको दारातून म्हणाली. तिनं स्टूल ओढत आणलं, कण्हत वर बसली आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

"अगं, तुला नाही जमायचं."

तिच्या पहिल्या घावात कोपरा उडाला, दुसऱ्यात टाइल. मग तिला कोण थांबवतंय! मिस्त्री प्रत्येक घावाला 'अरेरे' करत होते. खिडकीखालची टाइल पडली आणि सिमेंटच्या ढेकळातून प्लास्टिक डोकावलं.

"सापडलं! सापडलं गं! थांब आता!"

ती थांबली नाही. शेजारची फोडली, तिच्या वरची फोडली.

"अगं, वेड लागलं का? सोनं मिळालं!"

"मला हा रंग कधीच आवडला नाही," ती धापा टाकत म्हणाली. "लग्नाच्या वर्षी तुम्ही या टाइल्स बसवल्यात, तेव्हापासून रोज या पिवळ्या भिंतीकडे बघत आंघोळ करतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? टाइल आणताना विचारलंत? सगळी पुंजी सोन्यात घातलीत, तेव्हा तरी विचारलंत? निम्मा संसार माझाही होता त्यात."

मिस्त्रींनी हातातली बिस्किटं बाजूला ठेवली. लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली. खाली बसून ते तुकडे गोळा करू लागले. मान वर न करताच त्यांनी विचारलं,

"कुठला रंग हवाय तुला?"

"आधी गुडघा," ती म्हणाली, आणि पुढची टाइल फोडली.